दुकानात चोरी होतेय असा संशय आहे, छुपा कॅमेरा लावू का?

ताई, तुमचं सगळं नीट वाचलं. नौपाड्यात ड्रायफ्रूट-मसाल्याचं दुकान, वर पोटमाळ्यावर पॅकिंग, कामाला चार माणसं, दिवाळीपासून काजू आणि वेलचीचा मेळ लागत नाहीये, संशय सगळ्यात जुन्या माणसावर, आणि आता तुम्हाला तो मोबाईल चार्जरसारखा दिसणारा कॅमेरा ऑनलाइन मागवून गुपचूप लावायचाय, एक खाली गल्ल्यावर आणि एक वर जिथे पोरी डबा खातात नि कपडे बदलतात तिथे. मी कॅमेऱ्याचंच काम करतो, ठाणे-ऐरोली-तुर्भे पट्ट्यात बरीच वर्षं, म्हणजे खरं तर मी "लावा लावा" म्हणायला पाहिजे. पण आत्ता लावू नका. आणि ती वरची जागा तर डोक्यातूनच काढा, त्याचं पुढे सांगतो.

माल नक्की कुठून जातोय हे तुम्हाला अजून माहीतच नाहीये, मग कॅमेरा रोखणार कुठे? रोजचं बारा तासांचं रेकॉर्डिंग बघणार कोण हा दुसरा प्रश्न. सगळे मालक पहिले दोन दिवस रात्री जेवण झाल्यावर फास्ट फॉरवर्ड करून बघतात, तिसऱ्या दिवसापासून कोणी हात लावत नाही. आणि ज्याच्यावर संशय धरलाय त्याच्याकडेच बघत बसलं की त्याने खिशात रुमाल ठेवला तरी चोरी वाटते.

आधी मोजा. "महिन्याला चारपाच किलो कमी येतं" हा हिशोब नाही, अंदाज आहे. सगळा स्टॉक नको, फक्त काजू नि वेलची धरा आणि रोज रात्री शटर पाडल्यावर तुम्ही स्वतः वजन करा, आठवडाभर. वाशीच्या मसाला मार्केटमधून टेम्पो आला की डबे नुसते मोजून आत घेऊ नका, एकदोन काट्यावर ठेवा. वेलचीची गोणी बारदान वजा करून लिहा. तूट दुकानात यायच्या आधीच पडलेली असते हे मी तुर्भ्यात बघितलंय, आणि मालक तिकडे पोऱ्याच्या पिशव्या तपासत बसलेला. काट्यावरचं वैधमापनचं (वजन-काटे तपासणारं सरकारी खातं) स्टॅम्पिंग चालू आहे का तेही बघून घ्या, इलेक्ट्रॉनिक काट्याला ते दरवर्षी लागतं.

मग पॅकिंगचा हिशोब. दहा किलोच्या डब्यातून पाव किलोची 40 पाकिटं व्हायला पाहिजेत. पॅक करणारी मुलगी दर पाकिटात पाच ग्रॅम जास्त सोडत असेल तर एका डब्यामागे 200 ग्रॅम गेले, जवळजवळ एक पाकीट, आणि चोर कोणीच नाही. वेलची वाळून वजनाला उतरते ते वेगळंच. घट किती धरायची हे तुम्हाला तुमच्या मार्केटच्या व्यापाऱ्याने सांगितलं असेलच, त्याच्या वर जी तूट आहे तीच खरी तूट.

उलट एक चोरी अशी आहे की तिच्यात वजन अगदी बरोबर येतं. काजूचा ग्रेड. डब्ल्यू 240 म्हणजे एका पौंडात साधारण 240 पर्यंत दाणे, 320 म्हणजे 320 पर्यंत, म्हणजे आकडा लहान तसा दाणा मोठा नि महाग. कोणी 240 च्या डब्यातून दोन किलो काढून 320 चे दोन किलो घातले तर काटा काय सांगणार? आणि कॅमेरा तरी काय सांगणार, त्याला दोन्ही काजूच दिसतात. 100 ग्रॅम काढून दाणे मोजा, 240 मध्ये पन्नासच्या आसपास येतील, 320 मध्ये सत्तरच्या आसपास. दहा मिनिटांचं काम आहे. तसंच अख्खा काजू "तुकडा" म्हणून लिहून बाहेर काढणं, तेही रजिस्टरमध्ये पकडलं जातं, तुकड्याचं प्रमाण अचानक वाढलेलं दिसतं.

गल्ल्याचं तर अर्धं काम बिलिंग सॉफ्टवेअरच करतं. चारही जणांचं लॉगिन एकच आहे असं तुम्ही लिहिलंय, ते आजच वेगळं करा. मग रोज कॅन्सल झालेली नि नंतर एडिट झालेली बिलं बघा, कोणाच्या नावाने आणि किती वाजता. गिऱ्हाईक पैसे देऊन गेलं आणि तीन मिनिटांनी बिल कॅन्सल, असं एकाच माणसाचं पुन्हा पुन्हा दिसलं तर तुम्हाला वेळ मिळाली, माणूस मिळाला, मग कॅमेऱ्यात फक्त तेवढंच बघायचं. काउंटरवरचा क्यूआर पण स्वतःच्या मोबाईलने स्कॅन करून नाव कोणाचं येतं ते बघा, हसू नका, तुमच्या क्यूआरवर दुसरा चिकटवायला दहा सेकंद लागतात.

एवढं झाल्यावर कॅमेरा. आणि पहिला उघडा लावा, दिसेल असा, खाली "सीसीटीव्ही चालू आहे" ची पाटी. काही मालकांना यात मजा येत नाही, त्यांना "पकडायचंय". पण तुम्हाला माल वाचवायचाय ना? उघडा कॅमेरा लागला आणि तूट बंद झाली तर कोणाला हाकलायची वेळ न येता काम झालं. चेहऱ्यावर नको, गल्ल्याच्या वर तिरका, ड्रॉवर नि हात दिसले पाहिजेत, पॅकिंगच्या टेबलावर असा की काट्याचे आकडे वाचता येतील. डीव्हीआरचं, म्हणजे रेकॉर्डिंग साठवणाऱ्या डब्याचं, घड्याळ नि बिलिंग कॉम्प्युटरचं घड्याळ एक करा, यात सात मिनिटांचा फरक असला तरी पुढे सगळा घोळ होतो.

तो चार्जरवाला कॅमेरा मी कोणालाच देत नाही. पोटमाळ्यावर पत्र्याखाली मे महिन्यात तो तापून बंद पडतो, लाईट गेली की तारीख कुठल्यातरी जुन्या सालावर जाते, कार्ड भरलं की जुनं पुसून नवं लिहितो त्यामुळे नेमका हवा तो दिवस गेलेला असतो, आणि वायफायवाला असेल तर त्याचं चित्र कुठल्या सर्व्हरवरून फिरून तुमच्या मोबाईलवर येतंय देव जाणे. स्मोक डिटेक्टरसारखा दिसणारा बरा असतो पण तो छतावरच शोभतो, त्यात नुसती डोकी दिसतात.

मग छुपा कधीच नाही का? आहे, पण जागा ठरल्यावर आणि थोड्या दिवसांसाठी. इकडे एका गोडाऊनला मोजणीवरून कळलं होतं की तूट फक्त काजूत आहे आणि ती भंगारवाला येतो त्याच दिवशी पडते. पुढे उघडे कॅमेरे होते, मागच्या दाराला काही नव्हतं. तिथे मीटरच्या बॉक्सशेजारी एक छोटा लावला. रेकॉर्डिंगमध्ये काय, तर माणूस रिकामे डबे बाहेर नेतोय, एका हातात दोन दोन, फेऱ्यांवर फेऱ्या, आणि मध्येच एक रिकामा डबा दोन्ही हातांनी पोटाशी धरून, कमरेत वाकून. बस, तेवढंच. बरं, तो संशयातला पोऱ्या नव्हताच, तो दुसराच होता. मोजणी झाली नसती तर त्या दाराला कॅमेरा लावायचं कोणाला सुचलंच नसतं.

आता ती कपडे बदलायची जागा. दुकान तुमचं असलं तरी तिथे कॅमेरा नाही, चालू नाही, बंद नाही, डमीसुद्धा नाही. आयटी कायद्याच्या कलम 66ई खाली संमतीशिवाय कोणाच्या शरीराच्या खाजगी भागाचं चित्रण केलं तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि ते बाई-पुरुष सगळ्यांना लागू आहे. बाईचं केलं तर वर भारतीय न्याय संहितेचं कलम 77, करणारा पुरुष असो की बाई, त्यात पहिल्या वेळेलाच किमान एक वर्ष. तुमच्याकडे फुटेज बघणार कोण, तुम्ही, तुमचे मिस्टर, मी किंवा माझा पोरगा, म्हणजे काजू राहिले बाजूला आणि आपणच आत. गल्ला, काटा, रॅक, मागचं दार, यांच्यावर कॅमेरा ठेवायला हरकत नाही, 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यातही मालकाचं नुकसान टाळणं हे कारण धरलेलं आहे. पण आवाजाचं रेकॉर्डिंग बंद ठेवा, पोरी आपापसात काय बोलतात ते ऐकून तुम्हाला काय करायचंय.

सापडलंच कोणी तर काय करायचं ते आधी ठरवा, कारण त्या क्षणी डोकं फिरतं. शटर ओढून माणसाला कोंडून मारून लिहून घेणं हे सर्रास चालतं, आणि मग तक्रार मालकावर होते. पगारातून परस्पर कापणं पण नाही, आधी त्याला त्याचं म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते. व्यापाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर क्लिप टाकायची तर अजिबात नाही. नोकराने मालकाच्या मालाची चोरी केली तर न्याय संहितेचं कलम 306 आहे, सात वर्षांपर्यंत शिक्षा. पोलीस स्टेशनला गेलात की खरेदीची बिलं, रोजचं वजनाचं रजिस्टर आणि फुटेज तिन्ही लागतं, नुसत्या फुटेजने काय, "डबाच उचललाय की मॅडम" म्हणून तो मोकळा.

फुटेज व्हॉट्सॲपवरून फिरवलेलं चालत नाही. जालन्याच्या खोतकर-गोरंट्याल निवडणूक खटल्यात 2020 साली सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं की इलेक्ट्रॉनिक पुराव्याची कॉपी द्यायची तर सर्टिफिकेट पाहिजेच. तेव्हा ते जुन्या कायद्याचं 65बी होतं, 1 जुलै 2024 पासून नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम 63 आहे, त्यात दोन भाग असतात, एक तुमचा नि एक जाणकाराचा, आणि फाईलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाईल बदललेली नाही हे दाखवणारा कोड, लिहावी लागते. म्हणून काही दिसलं की पहिलं काम, डीव्हीआर बंद करून हार्ड डिस्क किंवा कार्ड काढून कपाटात कुलपात. त्याच्यावर परत रेकॉर्डिंग नको.

त्या जुन्या माणसाला तोवर काही बोलू नका, नेहमीसारखंच वागा. आठवड्याची मोजणी झाली की कुठल्या ग्रेडमध्ये किती तूट आणि कुठल्या दिवशी ते इथेच टाका, सोबत पोटमाळ्याच्या जिन्याचा नि मागच्या दाराचा फोटो, मग कॅमेरा लागणार का आणि लागला तर कुठे ते सांगतो.