प्राइडची जर्सी नाकारणारा खेळाडू समलिंगीद्वेष्टा ठरतो का?

तेवढ्यावरून ठरत नाही. पण एवढं म्हणून विषय मिटतही नाही, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

तुम्ही म्हणता की जूनमध्ये, म्हणजे समलिंगी समाजाला पाठिंबा द्यायच्या 'प्राइड' महिन्यात, तुमच्या कंपनीत सगळ्यांना प्रोफाइलच्या फोटोभोवती इंद्रधनुष्याची चौकट लावायला सांगतात. समलिंगी लोकांबद्दल तुमच्या मनात आकस नाही, पण ती चौकट लावायची नाही. परदेशात प्राइडची जर्सी नाकारणाऱ्या खेळाडूंवर उठलेली झोड वाचून तुम्हाला धास्ती वाटली. ऑफिसचं शेवटी बोलू. आधी खेळाचं, कारण त्यातलं सर्वांत गाजलेलं प्रकरण मी राहतो त्याच शहरात घडलं.

मी सिडनीच्या पश्चिमेकडच्या उपनगरात राहतो. इथे क्रिकेट उन्हाळ्यापुरतं, हिवाळा सगळा 'रग्बी लीग' या खेळाचा. जुलै 2022 मध्ये मॅन्ली सी ईगल्स या संघाने एका सामन्यापुरती खास जर्सी काढली. नेहमीच्या पांढऱ्या पट्ट्यांच्या जागी सप्तरंगी पट्टे, बस इतकंच. जर्सी जाहीर झाली सोमवारी आणि सामना होता गुरुवारी, सिडनी रूस्टर्सशी. मधल्या मध्ये ज्यांच्या अंगावर ती चढणार होती त्या खेळाडूंना कुणी विचारलंच नव्हतं. सात जणांनी धर्माचं कारण सांगून नकार दिला. संघातल्या एकाने वेगळी जर्सी घालायची सोय नसते, त्यामुळे सातही जण सामन्याबाहेर बसले. प्रशिक्षक डेस हॅसलर यांनी पत्रकार परिषद घेऊन माफी मागितली, खेळाडूंचीही आणि ज्यांच्यासाठी जर्सी काढली त्या समाजाचीही. गुरुवारी मॅन्ली 20-10 ने हरली. ऑक्टोबरमध्ये हॅसलर यांची नोकरीही गेली.

ते सात जण बहुतेक सामोआ, टोंगा वगैरे पॅसिफिक बेटांकडच्या कुटुंबांतले. इथल्या रग्बी लीगमध्ये या समाजाचे खेळाडू खूप, आणि त्यांच्या घरांत चर्चचं स्थान काय असतं ते शनिवारी सकाळी मुलांच्या सामन्याला गेलं की दिसतं. दहा-अकरा वर्षांची पोरं गुडघ्यापर्यंत चिखलात माखलेली, सामना संपला की दोन्ही संघांतली काही जण मैदानाच्या मधोमध गोल करतात, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकतात आणि कुणाचा तरी बाबा प्रार्थना म्हणतो. आमच्यासारखी देशी मंडळी रेषेबाहेर संत्र्याच्या फोडी घेऊन थांबलेली असतात. या पोरांना मोठेपणी 'तुमची श्रद्धा तीन दिवस बाजूला ठेवा, मार्केटिंग विभागाने जर्सी छापली आहे' असं सांगितलं तर काय होणार, हे क्लबमधल्या एकालाही सुचू नये याचं मला आजही नवल वाटतं.

त्या आठवड्यात एक मुद्दा सगळीकडे ऐकू येत होता, आणि तो बिनतोड होता: वर्षभर सट्टेबाजीच्या कंपनीची जाहिरात अंगावर मिरवता, बिअरच्या कंपनीचं नाव दिलेल्या मैदानावर खेळता, तेव्हा बायबल कुठे जातं? हे विचारायलाच हवं. पण उत्तर अडचणीचं आलं म्हणून त्या माणसाचा सदसद्विवेकाचा हक्क बुडत नाही. आपल्यापैकी कोण सगळी पथ्यं एकसारखी पाळतं? शिवाय खेळात अशी मुभा आधीपासून आहे. हाशिम आमलाच्या जर्सीवर दक्षिण आफ्रिकेच्या प्रायोजकाचा, म्हणजे बिअरच्या कंपनीचा लोगो नसायचा. बोर्डाने ते मान्य केलं, तो खोऱ्याने धावा काढत राहिला आणि कुणाचं काही अडलं नाही.

आता दुसरी बाजू, जी जर्सी नाकारणाऱ्यांचं कौतुक करणारे सहसा गाळतात. याच मॅन्लीकडून इयन रॉबर्ट्स नावाचा खेळाडू खेळायचा. दांडगा फॉरवर्ड, ऑस्ट्रेलियाकडूनही खेळलेला. 1995 मध्ये त्याने आपण गे असल्याचं उघड सांगितलं. रग्बी लीगमध्ये असं सांगणारा तो पहिलाच. 2022 मध्ये त्याच्याच जुन्या क्लबातले सात जण इंद्रधनुष्य अंगावर घ्यायला तयार नाहीत हे पाहून त्याला वाईट वाटलं आणि त्याने ते बोलूनही दाखवलं. इंग्लंडमध्ये जस्टिन फाशानू या फुटबॉलपटूने 1990 मध्ये हेच सांगितलं. सख्ख्या भावाने जाहीरपणे त्याच्याशी नातं तोडलं, आणि 1998 मध्ये त्याने आत्महत्या केली. त्यानंतर ब्रिटनमध्ये खेळत असताना असं सांगणारा पुरुष व्यावसायिक फुटबॉलपटू थेट 2022 मध्ये निघाला, ब्लॅकपूलचा जेक डॅनियल्स, वय वर्षं 17. मधली तीस-बत्तीस वर्षं एकही गे खेळाडू नव्हता असं मानायला मी तरी तयार नाही. ते होते आणि गप्प होते. त्यामुळे 'खेळात हे विषय आणूच नका' असं म्हणणाऱ्याला वाटतं की आपण मधोमध उभे आहोत, पण ड्रेसिंग रूममधल्या शिव्या आणि टोमणे तर आधीपासून चालूच असतात. जर्सीची कल्पना त्यातूनच आली. तिचा हेतू मला पटतो. इथे माझ्या ऑफिसात ऑगस्टमध्ये याच पाठिंब्यासाठी जांभळे कपडे घालून यायचा दिवस असतो, आणि मी जांभळा शर्ट घालून जातो.

तरीही मी सक्तीच्या विरोधात आहे, आणि याचं कारण मला ऑस्ट्रेलियात नाही, आपल्याकडेच सापडतं. 1985 मध्ये केरळात जेहोवाज् विटनेसेस या ख्रिस्ती पंथाच्या तीन भावंडांना शाळेतून काढलं. कारण काय, तर राष्ट्रगीताच्या वेळी ती उभी राहायची, पण गायची नाहीत. कुणाची टिंगल नाही, गडबड नाही, नुसती गप्प उभी. उच्च न्यायालयात ती हरली. सर्वोच्च न्यायालयाने 1986 मध्ये बिजो इमॅन्युएल खटल्यात निकाल फिरवला. न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी यांनी लिहिलं की गायलाच पाहिजे असा कुठलाही कायदा नाही, उभं राहिल्याने मान राखला जातो, आणि सहिष्णुता ही आपली परंपरा आहे, ती पातळ करू नका. राष्ट्रगीतासारख्या गोष्टीत जर तोंड उघडायची सक्ती करता येत नसेल, तर क्लबच्या जर्सीसाठी किंवा कंपनीच्या चौकटीसाठी ती कशी करणार? आता गंमत बघा, मॅन्लीच्या सात जणांना शाबासकी देणारे आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरचे काही काका चित्रपटगृहात राष्ट्रगीताला कुणी बसून राहिलं की त्याला तुरुंगात टाका म्हणतात. त्यांना फक्त ही घोषणा नको आहे, सक्तीचं वावडं नाही.

क्रिकेटमधलं उदाहरण तुम्हाला आठवत असेल. 2021 च्या टी-20 विश्वचषकात, 26 ऑक्टोबरला दुबईत, दक्षिण आफ्रिकेच्या बोर्डाने सामन्याच्या दिवशीच फर्मान काढलं: वर्णद्वेषाच्या निषेधार्थ सगळ्यांनी गुडघा टेकायचा. क्विंटन डी कॉकने सामनाच सोडला. दोन दिवसांनी त्याने निवेदन दिलं. त्याची सावत्र आई कृष्णवर्णीय, सावत्र बहिणी मिश्रवर्णीय. त्याचं म्हणणं असं की ज्या पद्धतीने सांगितलं गेलं त्यात आपला हक्कच हिरावल्यासारखा वाटला. पुढच्या सामन्यात तो गुडघ्यावर बसला. तो वर्णद्वेष्टा होता असं म्हणायला माझ्याकडे काहीही आधार नाही. आणि त्या सक्तीतून वर्णद्वेषाविरुद्धच्या लढ्याच्या पदरात काय पडलं, तेही मला दिसत नाही.

सक्ती उलट्या दिशेनेही होते हे मात्र विसरू नका. 2022 च्या कतारमधल्या फुटबॉल विश्वचषकात युरोपातल्या काही कर्णधारांना समावेशाचा संदेश देणारी पट्टी दंडावर बांधायची होती, तर फिफाने पिवळ्या कार्डाची धमकी देऊन ती बांधूच दिली नाही. अमेरिकेच्या आइस हॉकी लीगमध्ये जानेवारी 2023 मध्ये इव्हान प्रोव्होरोव्ह या रशियन खेळाडूने सरावाच्या वेळची प्राइड जर्सी नाकारली. प्रशिक्षकाने त्याची बाजू घेतली, आणखी काही जणांनी तेच केलं, आणि वाद नको म्हणून लीगने असल्या सगळ्याच खास जर्सी बंद केल्या. इथवर ठीक. पण पुढे कुणी आपल्या काठीला सप्तरंगी टेप स्वतःहून लावली तर तीही नको, असा नियम आला. ट्रॅव्हिस डर्मट या खेळाडूने ऑक्टोबरमध्ये टेप लावून सामना खेळला आणि काही दिवसांत लीगला बंदी मागे घ्यावी लागली. प्रोव्होरोव्ह आणि डर्मट, मी दोघांच्याही बाजूने आहे, आणि त्यात मला विसंगती वाटत नाही.

सगळ्यात शहाणपण दाखवलं ते मला वाटतं इंग्लंडने. डिसेंबर 2024 मध्ये इप्सविच या फुटबॉल क्लबचा कर्णधार सॅम मोर्सी याने धर्माचं कारण सांगून समलिंगी समाजाच्या पाठिंब्याची सप्तरंगी पट्टी दंडावर बांधली नाही. त्याच आठवड्यात क्रिस्टल पॅलेसच्या मार्क गेहीने पट्टी बांधली, पण तिच्यावर पेनाने येशूबद्दल प्रेमाचे शब्द लिहिले. थोडी चर्चा झाली, गेहीच्या क्लबला धार्मिक मजकुराच्या नियमाची आठवण करून दिली गेली, शिक्षा कुणालाच नाही. फ्रान्समध्ये त्याच वर्षी मोनॅकोच्या मोहमद कमाराने समलिंगीद्वेषाविरुद्धचा बिल्ला टेपने झाकला, तर त्याला चार सामने बाहेर बसवलं. त्या चार सामन्यांत त्याचं मन बदललं असेल असं तुम्हाला वाटतं? मला नाही वाटत.

म्हणजे सक्ती कशाची करता येते? वागण्याची. गे सहकाऱ्याला पास द्यायचा, त्याच्याबरोबर ड्रेसिंग रूम वापरायची, त्याला शिवी द्यायची नाही, प्रेक्षकांतून कुणी दिली तर दुसरीकडे बघायचं नाही. यात धर्माची सबब चालू नये, आणि चुकला तर घरी बसवावं. ऑस्ट्रेलियाचा रग्बीपटू इझ्राएल फोलाऊ याला 2019 मध्ये काढून टाकलं, ते प्रकरण म्हणूनच वेगळं. त्याने काही नाकारलं नव्हतं. समलिंगी लोक नरकात जाणार अशी पोस्ट त्याने स्वतःहून टाकली होती.

आता तुमची चौकट. लावू नका. विचारलं तर 'मी कुठल्याच गोष्टीसाठी फोटो बदलत नाही' असं सांगा, पण ते खरं असेल तरच. दिवाळीला पणती आणि 26 जानेवारीला तिरंगा लावत असाल तर हे कारण टिकणार नाही, मग सरळ 'मला हे लावायचं नाही' एवढंच म्हणा. एचआरने लेखी खुलासा मागितला तर ती त्यांची चूक आहे, आणि तसं त्यांना नम्रपणे लिहून कळवा. मात्र तुमच्या टीममधल्या कुणाला तुमचा कोरा फोटो खुपला तर त्याच्यावर चिडू नका. तुम्हाला न लावायचा हक्क आहे, तसा त्याला वाईट वाटून घ्यायचा आहे. त्याने तुमच्याबद्दल अंदाज बांधलाच असेल, आणि तो चुकीचा आहे हे त्याला तुमच्या रोजच्या वागण्यातूनच कळणार. जेवणाच्या टेबलावर कुणी 'तसले' म्हणून हसलं की तुम्ही काय करता, याकडे त्याचं लक्ष असणार आहे.