टुकोच्या ऑफिसातला वॉल्टरचा स्फोट: धोका खरा किती होता?

प्रश्न: ‘ब्रेकिंग बॅड’ या अमेरिकन मालिकेच्या पहिल्या सिझनमध्ये ड्रग बनवू लागलेला केमिस्ट्रीचा मास्तर वॉल्टर व्हाइट हा टुको या ड्रग विकणाऱ्या गुंडाच्या अड्ड्यात शिरून एक खडा आपटून स्फोट घडवतो, उरलेली पिशवी फेकीन अशी धमकी देतो आणि पन्नास हजार डॉलर घेऊन बाहेर पडतो. तिथे खरंच सगळे मेले असते का, की ती नुसती पोकळ धमकी होती?

(पहिला सिझन बघितला नसेल तर पुढे वाचू नका, सगळं फुटणार आहे.)

रसायनाचं आधी उरकतो. वॉल्टरच्या पिशवीतला माल म्हणजे मर्क्युरी फल्मिनेट. पदार्थ अस्सल आहे, काल्पनिक नाही. एकोणिसाव्या शतकात बंदुकीचा बार पेटवणाऱ्या छोट्या टोप्यांमध्ये हाच असायचा आणि नोबेलने डायनामाइट उडवायला जे डिटोनेटर केले त्यांतही हाच. धक्का, घर्षण, उष्णता, काहीही चालतं त्याला. गोची तिथेच आहे. जो पदार्थ नुसत्या घासण्याने भडकतो, त्याचे एवढाले खडे एका पिशवीत एकमेकांवर आपटत, गाडीतून, अड्ड्यापर्यंत सुखरूप पोचतात? आणि पोचले असं मानलं, तरी एक खडा फुटून खिडक्या उडतात तेव्हा त्याच खोलीतली उरलेली पिशवी शांत बसते?

‘मिथबस्टर्स’ या दाव्यांची प्रयोग करून शहानिशा करणाऱ्या टीव्ही कार्यक्रमाने 2013 मध्ये हा प्रसंग खरोखर करून पाहिला होता, मालिकेचा निर्माता व्हिन्स गिलिगन आणि वॉल्टरचा साथीदार जेसी याचं काम करणारा आरन पॉल यांना सोबत घेऊन. निष्कर्ष असा की तेवढा परिणाम हवा असेल तर माल कितीतरी जास्त लागेल, तो जमिनीवर कितीतरी जोरात आपटावा लागेल, आणि तसं झालं तर खोलीतलं कुणीच वाचणार नाही. वॉल्टरसुद्धा. हिशेबही सोपा आहे. साधी काच 1 पीएसआयच्या (दर चौरस इंचाला एक पौंड) आसपासच्या दाबाला फुटते, कानाचा पडदा फाटायला साधारण 5 लागतात. म्हणजे काचा फुटूनही माणसं धडधाकट राहणं अशक्य नाही. पण इथे माणसं स्फोटाच्या जवळ आहेत आणि खिडक्या लांब. खिडक्यांची अशी वाताहत होत असेल तर जवळच्यांना त्याहून जास्त दाब बसणार, आणि नंतर एकमेकांशी बोलायला कान शिल्लक राहणं कठीण. मालिकेत वॉल्टरच्या नाकातून थोडं रक्त येतं, बस्स.

म्हणजे रसायनाला दहापैकी तीन. पण धोका किती खरा हे ठरवताना मी रसायनाला फार भाव देत नाही. लेखकाने एक नियम घालून दिला की हे खडे आपटले की फुटतात, तो आपण मान्य करायचा आणि मग बघायचं की त्या नियमात माणसं शहाण्यासारखी वागतायत का. या कसोटीवर हा प्रसंग माझ्या मते फारच पक्का आहे.

वॉल्टरचा हात बघा. पिशवी त्याने वर धरली आहे. टुकोच्या माणसांकडे बंदुका आहेत, वॉल्टर एकटा, आजारी, नि:शस्त्र. पण त्याला गोळी घातली तर हात सुटणार आणि पिशवी खाली पडणार. म्हणजे ‘मी फेकीन’ ही धमकी खरी करायला वॉल्टरने काही करायचीही गरज उरलेली नाही, गुरुत्वाकर्षण ते काम करेल. एरवी धमकी देणाऱ्याची पंचाईत अशी असते की समोरचा विचारतो, ‘तू स्वतः मरशील, मग कशाला फेकशील?’ इथे तो प्रश्नच निकालात निघाला. थॉमस शेलिंग या अर्थतज्ज्ञाला 2005 चं नोबेल मिळालं ते संघर्षाच्या अशाच अभ्यासासाठी. तो म्हणायचा की शेवट पूर्णपणे आपल्या हातात नाही हे समोरच्याला दिसलं की धमकीला वजन येतं. वर वॉल्टरला फुप्फुसाचा कॅन्सर. टुकोला ते माहीत नाही, पण जिवावर उदार झालेला माणूस डोळ्यांत दिसतो, आणि वॉल्टरचं काम करणाऱ्या ब्रायन क्रॅन्स्टनने ते दाखवलं आहे.

दुसरी गोष्ट मागणीची. पस्तीस हजार टुकोने लुबाडलेल्या ड्रगच्या मालाचे, पंधरा हजार त्याने जेसीला मारल्याबद्दल. गल्ला लुटत नाही, माफी मागायला लावत नाही. टुकोला ही रक्कम किरकोळ आहे, आणि पुढचा मालही मिळणार आहे. दाराबाहेर पडल्यावर वॉल्टरला कोण वाचवणार, याचं उत्तर त्या पुढच्या धंद्यात आहे. अवाच्या सवा मागितलं असतं तर त्याच संध्याकाळी मेला असता.

आता जरा तक्रार. प्रेक्षक म्हणून आपल्याला वॉल्टरची काळजी वाटते का? खरं तर वाटायला नको, कारण भागाच्या सुरुवातीलाच टक्कल केलेला वॉल्टर त्या पडझडीतून चालत बाहेर येताना दाखवून टाकलाय. तो जगतो हे आधीच ठाऊक. लेखकाने ‘वाचेल का’ हा प्रश्न मुद्दाम काढून घेतला आणि ‘हा मास्तर इथपर्यंत आला कसा’ हा ठेवला. मला ही निवड आवडते, पण त्यामुळे भीतीचा पारा थोडा उतरतो हेही खरं.

म्हणून खरी भीती वाटलेला प्रसंग कुठला असं विचाराल तर मी पुढच्याच भागातला भंगारवाडा सांगेन. सौदा झालाय, पैसे हातात आलेत, टुको खूश आहे. त्याचा माणूस नो-डोझ वॉल्टरला एक साधं वाक्य ऐकवतो, कुणासाठी काम करतोस ते लक्षात ठेव, आणि टुको त्यालाच मरेस्तोवर बडवतो. ना स्फोटकं, ना धमकी, ना मागणी. ऑफिसात टुको नफा-तोटा मोजत होता, म्हणून त्याच्याशी सौदा करता आला. इथे तो मोजतच नाहीये, आणि वॉल्टरच्या हातात या वेळी पिशवी नाही.