मराठा पलटणीतल्या आजोबांचे चरित्र घरच्यांसाठी लिहायचे आहे, सुरुवात कुठून करू?

तुम्ही लिहिले आहे की आजोबा मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते, 1971 च्या लढाईत होते असे घरात सांगतात, स्वतः ते त्यावर बोलत नसत, आणि वर्षश्राद्धाला एक छोटी पुस्तिका काढायची आहे. मग लगेच लिहायला बसू नका. आधी त्यांची नाव-नंबर रंगवलेली काळी ट्रंक उघडा.

त्यात डिस्चार्ज बुक शोधा. भरतीची आणि पेन्शनवर आल्याची तारीख, आर्मी नंबर, रँक, ट्रेड, मिळालेली मेडल्स, वर्तणुकीचा शेरा, अंगावरची ओळखीची खूण हे सगळे त्यात मिळते. दुसरा कागद पीपीओ, म्हणजे पेन्शनचा आदेश. त्यात आजीचे नाव असते आणि ते पुष्कळदा चुकीच्या स्पेलिंगने पडलेले असते. जन्मतारीख 1 जून दिसली तर ती बहुधा शाळामास्तरांनी नाव घालताना ठरवलेली. पुस्तिकेत 'कागदोपत्री' एवढा शब्द जोडून द्या. दोन डिस्चार्ज बुके किंवा दोन आर्मी नंबर सापडले तर गोंधळू नका. पेन्शननंतर पुष्कळ जण डिफेन्स सिक्युरिटी कोअरमध्ये (लष्करी ठिकाणांची राखण करणारे दल) पुन्हा भरती होत, तिथे नंबर नवा मिळे. त्या नोकरीचे रेकॉर्ड केरळात कन्नूरला असते.

मराठा लाइट इन्फन्ट्रीचे रेकॉर्ड ऑफिस बेळगावला आहे. अर्ज तुमच्या नावाने नको, आजींच्या नावाने करा. सोबत डिस्चार्ज बुकाची प्रत, मृत्यूचा दाखला, आजींचे ओळखपत्र जोडा. 'संपूर्ण माहिती द्यावी' असे मोघम लिहिले तर उत्तरही मोघमच येते. कोणत्या पलटणीत किंवा युनिटमध्ये कधीपासून कधीपर्यंत, बढत्यांच्या तारखा, कोर्स, मेडल्स, पार्ट टू ऑर्डर (जवानाच्या वैयक्तिक नोंदींचे लष्करी आदेश) मधल्या कौटुंबिक नोंदी, असे नेमके मागा. लग्न आणि मुलांचे जन्म या ऑर्डरमध्ये नोंदवले जात. उत्तरात टीओएस दिसले तर त्या युनिटच्या पटावर आले, एसओएस म्हणजे पटावरून गेले. अर्ज कसा लिहायचा हे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात सांगतात. जुनी रेकॉर्ड मुदत संपली की नष्ट करतात, म्हणून हे काम पहिल्या आठवड्यातच करा.

आता 1971. इथेच घरोघरी चूक होते. छातीवर संग्राम मेडल असणे म्हणजे त्या काळात फौजेत असणे, एवढेच. 'पूर्वी स्टार' नावाचे पदक असेल तर पूर्व आघाडी, 'पश्चिमी स्टार' असेल तर पश्चिम आघाडी. 1965 साठी हीच जोडी रक्षा मेडल आणि समर सेवा स्टार अशी आहे. मेडलच्या कडेवर, स्टारच्या मागच्या बाजूला नंबर आणि नाव कोरलेले असते, ते भिंगातून वाचा. चकाकी आणायला ब्रासो लावू नका, अक्षरे झिजतात.

रेजिमेंट म्हणजे पलटण नव्हे, एका रेजिमेंटमध्ये अनेक पलटणी (बटालियन) असतात, हेही ध्यानात ठेवा. 1 मराठा, म्हणजे जंगी पलटण, 10 डिसेंबरच्या रात्री तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या (आजच्या बांगलादेशातल्या) जमालपूरच्या दक्षिणेला वाट अडवून बसली होती आणि निसटू पाहणाऱ्या 31 बलुच या पाकिस्तानी पलटणीने तिच्यावर हल्ले केले. त्याच दिवसांत मराठ्यांच्या बाकीच्या पलटणी वेगवेगळ्या ठिकाणी होत्या. जुनी 3 मराठा तर 1952 मध्येच 2 पॅरा ही पॅराशूट पलटण झाली होती, आणि ती 11 डिसेंबरला तिकडच्याच टांगाईलला पॅराशूटने उतरली. म्हणून पलटणीचा आकडा आणि तारीख जुळल्याशिवाय जमालपूरची गोष्ट आजोबांच्या नावावर घालू नका. पलटण तिथे असली तरी ते रिअर पार्टीत (मागे ठेवलेल्या तुकडीत), लंगरात (स्वयंपाकघरात) किंवा सुट्टीवर असू शकतात. लंगरात होते तर लंगरात होते असे लिहा. पहाटे चारला चहा आणि शंभरेक जणांच्या पुऱ्या कोण करत होते, हेही वाचण्यासारखेच आहे.

पत्रांवर 56 एपीओ किंवा 99 एपीओ (लष्करी टपाल कार्यालय) असा पत्ता असेल. त्यावरून गाव कळत नाही, पण 99 असेल तर पूर्वेकडचा भाग समजा. पाकिटावरच्या शिक्क्यात एफपीओचा (फौजेसोबतच्या फील्ड पोस्ट ऑफिसचा) नंबर आणि तारीख असते, म्हणून पाकिटे फेकू नका. फोटोत बाहीवरच्या फिती मोजा: एक लान्स नाईक, दोन नाईक, तीन हवालदार. बढतीची तारीख हाती आली की फोटोचा काळ आपोआप बसतो. जुन्या कागदात 'जमादार' दिसले तर 1965 पर्यंत नायब सुभेदाराला तेच म्हणत. फोटो 600 डीपीआयला स्कॅन करा, मागची बाजूही. चिकट पानांच्या अल्बममधून ओढून काढू नका, पानासकट स्कॅन करा.

माझ्या मते पुस्तिकेचा अर्धा भाग आजींचा असायला हवा. नोकरी पंधरा-वीस वर्षांची, संसार त्याच्या दुप्पट-तिप्पट. त्यांना 'लढाईत काय वाटायचे' असे विचारलेत तर 'काय वाटणार' एवढेच उत्तर मिळेल. मनीऑर्डर किती रुपयांची यायची, पोस्टमनपुढे अंगठा की सही, पेरणीला कोण होते, पत्र कोण वाचून दाखवायचे, सुट्टी संपली की एसटी कुठून धरायचे, असे विचारा. वार्षिक सुट्टी साधारण दोन महिन्यांची. मुलांच्या जन्मतारखांतून नऊ महिने वजा केले की सुट्ट्यांचा अंदाज येतो (हे आजींसमोर मोठ्याने करू नका). सकाळी, एकट्या असताना, अर्धा-पाऊण तास बोला. फोन एअरप्लेन मोडवर ठेवा, सुरुवातीला तारीख आणि नाव बोला. साल चुकले तरी मध्ये टोकू नका. ते तुम्ही कागदावरून नंतर जुळवाल. पलटणीतले कोणी सोबती हयात असतील तर त्यांनाही हेच प्रश्न विचारा.

लिहिताना डाव्या पानावर कागदातली तारीख आणि उजव्या पानावर घरातली आठवण अशी मांडणी करा. दोन्ही जुळल्या नाहीत तर तशाच राहू द्या. पेन्शननंतरची वॉचमनची नोकरी, शेत, दारू असेल तर दारूही, किती सांगायचे ते घरात बसून ठरवा, पण पाने छापायच्या आधी.

ए5 आकार, पाने चारच्या पटीत, अक्षर 14 पॉइंट, मध्ये पिन. डिजिटल छपाईला तीस-चाळीस प्रतीही काढून मिळतात. आर्मी नंबर, पीपीओ नंबर, बँक खाते असलेले कागद जसेच्या तसे छापू नका, ते आकडे झाका. विधवा पेन्शनवर डोळा ठेवून फोन करणारे भामटे कमी नाहीत.