मसल कार कधी खरंच सामान्य माणसाला परवडायच्या का? आणि आता एखादी घ्यावी का?

हो, परवडायच्या. मी स्वतः घेतली होती. १९७० ची प्लिमथ डस्टर ३४०, १९७५ च्या एप्रिलमध्ये, ६५० डॉलरला, आणि तेव्हा मी डेट्रॉइटला एमएस करणारा, असिस्टंटशिपवर जगणारा पोरगा होतो. तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की "तेव्हाही हे श्रीमंतांचेच शौक असणार", ते वाचून राहवलं नाही म्हणून लिहायला बसलो.

श्रीमंत लोक कॅडिलॅक घ्यायचे हो. मसल कार म्हणजे घरातली मध्यम आकाराची साधी गाडी, फक्त इंजिन मोठ्या गाडीचं. १९६४ ची पॉन्टिअ‍ॅक जीटीओ तर सुरुवातीला वेगळं मॉडेलसुद्धा नव्हती, टेम्पेस्ट ल मान्सवर २९५ डॉलर जास्त भरले की मिळायची. १९६८ ची प्लिमथ रोड रनर २,९०० डॉलरच्या आत, आत कार्पेट नाही, रबरी मॅट आणि बाकड्यासारखी सीट, पण बॉनेटखाली ३८३ क्यूबिक इंचांचं इंजिन आणि ३३५ हॉर्सपॉवर. माझी डस्टर नवी असताना अडीच हजारांच्या आसपास होती. कारखान्यात गाड्या जोडायच्या लाइनवर उभा राहणारा पंचवीस वर्षांचा कामगार हप्त्याने ती घ्यायचा आणि त्याच गाडीने कामावर जायचा. ज्याने बनवली त्यालाच परवडायची.

आता माझ्यापर्यंत ती ६५० ला कशी आली ते सांगतो. ऑक्टोबर १९७३ ला अरब देशांनी तेल रोखलं, पंपावर रांगा लागल्या, पाठोपाठ हायवेवर ५५ मैलांची मर्यादा आली. तरुण पोरांना या गाड्यांचा इन्शुरन्स त्याच्या आधीपासूनच जड झाला होता. जनरल मोटर्सने ७१ सालीच इंजिनांचं कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये पेट्रोल-हवा किती दाबली जाते ते, त्यावर ताकद ठरते) उतरवायला घेतलं होतं, म्हणजे नव्या गाड्यांतला जीवही जात चाललेला. ७४-७५ च्या हिवाळ्यात तर डेट्रॉइटमध्ये हजारो कामगार घरी बसले. त्यातलाच एक हॅमट्रॅमिकला राहायचा, त्याच्या अंगणात लाल डस्टर, काचेवर "विकणे आहे" चा कागद. तो म्हणाला, या गाड्यांचे दरवाजे मीच बसवायचो. मी सहाशे म्हटलं, तो सातशे म्हणाला, साडेसहाशेला ठरलं. पैसे मोजून झाल्यावर त्याने अर्धा तास मला बाजूला बसवून शिकवलं: थंडीत अ‍ॅक्सिलरेटर दोनदाच दाब, मग चावी फिरव, तिसऱ्यांदा दाबलास तर फ्लड होईल, म्हणजे पेट्रोल जास्त जाऊन गाडी सुरूच होणार नाही, प्रीमियमच पेट्रोल घाल, नाहीतर चढावर इंजिन खडखडेल, क्लच जड आहे, पाय पूर्ण खाली जाऊ दे. मी पुण्यात मेकॅनिकलची डिग्री घेऊन आलेलो, पण तोपर्यंत एकही गाडी स्वतः चालवलेली नव्हती, आणि त्या अर्ध्या तासात मी जे इंजिन शिकलो ते चार वर्षांत वर्गात शिकलो नव्हतो.

घरी आणली तर आमचा सोलापूरचा रूममेट पायरीवर उभा. त्याचं पहिलं वाक्य, "अरे, ही टपोरी पोरांची गाडी आहे, वडिलांना काय सांगणार आहेस?" त्याने स्वतः डॅटसन बी२१० ही छोटी जपानी गाडी घेतली होती आणि रोज रात्री तो वहीत हिशेब मांडायचा, त्याची गाडी गॅलनला किती जाते आणि माझी किती. माझी बारा मैल जायची, महामार्गावर चौदा. मान्य. पण आम्ही खिशात ८ डॉलर घेऊन देश सोडलेली पिढी, प्रत्येक सेंट दोनदा मोजून खर्च करायचो, सिनेमा नाही, बाहेर जेवण नाही, आणि शनिवारी रात्री वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर काचा खाली करून एका सिग्नलपासून दुसऱ्या सिग्नलपर्यंत जायचं एवढी एकच चैन मी केली. दुसऱ्या गिअरला पाय दाबला की कार्ब्युरेटरची, म्हणजे इंजिनात पेट्रोल-हवा सोडणाऱ्या भागाची, चारही तोंडं उघडायची, सीट पाठीला ढकलायची आणि आवाज छातीत बसायचा. हे त्याच्या वहीत कुठल्या रकान्यात लिहायचं?

७७ ला लग्न झालं. बायको मिरजेची, तिथे सायकल चालवायची, ती गाडी शिकली ती थेट डस्टरवर, रविवारी दुकानाच्या रिकाम्या पार्किंगमध्ये. पहिल्या दिवशी नऊ वेळा बंद पाडली. महिन्याभरात भाजी आणायला एकटी जायला लागली, साडीवर स्वेटर, पायात बूट आणि हातात फोर-स्पीडचा गिअर. गाडी ही इतकी रोजची होती हो, दोरी बांधून ठेवायची नव्हती.

१९८० ला माझी नोकरी गेली, मुलगी चार महिन्यांची, आणि मिशिगनमध्ये हिवाळ्यात रस्त्यावर टाकतात त्या मिठाने गाडी खालून खाल्लेली. मागच्या पाट्यांचं, म्हणजे लीफ स्प्रिंगचं, पुढचं माउंटिंग इतकं सडलं की खड्ड्यात गेली की मागून कळ उठल्यासारखा आवाज यायचा. ३०० डॉलरला एका पोराने नेली. त्याला फक्त इंजिन हवं होतं, ते काढून दुसऱ्या गाडीत टाकायला. बाकीची भंगारात गेली असणार. अशा कितीतरी गेल्या, म्हणून तर आज महाग आहेत.

आणि आता गंमत नव्हे, चीड येते ती याची: तोच रूममेट, आता न्यू जर्सीत असतो, गेली पंधरा वर्षं फोनवर मला ऐकवतोय, "ठेवली असतीस तर आज पन्नास हजार झाले असते." ७५ ला त्याच्या मते मी पैसे उधळले, आणि आता त्याच्या मते मी पैसे घालवले! दोन्ही वेळा त्याने गाडी पाहिलीच नाही. मी ६५० ला घेतली, पाच वर्षं पोटभर चालवली, ३०० ला विकली, माझा हिशेब पूर्ण आहे. २०१४ ला एक १९७१ ची हेमी कुडा कन्व्हर्टिबल (प्लिमथचीच, उघड्या छताची मसल कार) लिलावात ३५ लाख डॉलरला गेली, ती काय कोण भाजीला नेणार आहे?

तुमचा खरा प्रश्न घ्यावी का हा. भाव वाढेल म्हणून घेणार असाल तर माझ्या मते घेऊच नका. चालवायला हवी असेल तर नाव मोठं असलेली सोडा, ३१८ क्यूबिक इंच इंजिनची डॉज डार्ट किंवा साधी डस्टर बघा, स्वस्त पडेल, सुटे भागही मिळतात. हां, एक राहिलं, या गाड्या सुरक्षित नव्हत्या. मागे ड्रम ब्रेक, एबीएस नाही, एअरबॅग नाही, पावसात मागचा भाग सटकतो. लहान मुलं घेऊन लांब जाऊ नका, मी गेलो होतो, आज जाणार नाही. आणि बघायला जाताना लांब स्क्रू ड्रायव्हर न्या. पेंट कितीही चकचकीत असो, खाली झोपून मागच्या पाट्यांच्या पुढच्या टोकाशी टोचून बघा. आत गेला तर गाडी सोडा, कितीही स्वस्त देत असला तरी.