घरच्या वर्कशॉपसाठी बँडसॉ घेताना

अरे, बँडसॉ (दोन चाकांवर फिरणाऱ्या पट्टीसारख्या ब्लेडची करवत) घ्यायचा म्हणतोयस तर ८-९ इंची बेंचटॉपच्या, म्हणजे टेबलावर ठेवायच्या छोट्या मशीनच्या नादी लागू नकोस. खेळणी, छोटे गोल आकार कापायचे असतील तर ठीक, पण तू सागाची फळी उभी धरून पातळ पट्ट्या काढायच्या म्हणतोयस ना, तिथे ती मोटर रडते. जागा असेल तर सरळ १४ इंची बघ. हे १४ इंच म्हणजे चाकाचा व्यास हां, कापायची उंची नाही, आणि दुकानदार हे आपणहून सांगत नाहीत. जुन्या पद्धतीच्या बिडाच्या १४ इंचीत उंची बहुतेक ६ इंचच मिळते, म्हणून ती वेगळी विचार. मोटर दीड एचपी तरी हवी, घरच्या सिंगल फेजवर चालते पण १६ अँपियरचा पॉइंट लागेल.

मशीन बघायला गेलास की प्लग काढायला लावून वरचं चाक हाताने फिरव, डुगडुगतंय का बघ, चाकावरचा रबराचा टायर कडक होऊन तडकलाय का बघ, गाइड (ब्लेडला आधार देणारा भाग) वरखाली केल्यावर ब्लेडच्या रेषेतच राहतो का तेही, कारण मला विचारशील तर मोटरपेक्षा इथेच खरी क्वालिटी कळते. सेकंडहँड बिडाची असेल तर फ्रेमला दुरुस्तीचं वेल्डिंग दिसलं की सरळ घरी ये.

आणि सोबतचं ब्लेड फेकून दे, खरंच. उभ्या चिरकामाला अर्धा इंच रुंद, इंचाला ३ दात, वळणांना पाव इंची. एवढ्यानेच निम्म्या तक्रारी संपतात.