इंग्लंडमधल्या कोळसा खाणींच्या गावांचं पुढे काय झालं? एखाद्या गावाचा इतिहास सांगाल का?

मी सहा वर्षं ईशान्य इंग्लंडमधल्या संडरलँडला राहतोय. तिथून थोडं दक्षिणेला, समुद्राकाठी सीहॅम आहे. त्याच गावाचं सांगतो. माझे बाबा बल्लारपूरकडे खाणीत पाळीने जायचे, त्यामुळे या गावात मला नुसतं फिरायला आल्यासारखं कधी वाटत नाही.

आधी खाण, मग गाव, असं आपण धरून चालतो. सीहॅमला आधी बंदर झालं. लंडनडेरीचे मार्क्विस म्हणजे एक बडे उमराव. त्यांची पत्नी फ्रान्सिस ॲन हिला इथल्याच डरहॅम परगण्यातल्या खाणी वारशाने मिळाल्या होत्या. पण तो कोळसा वेअर नदीतून होड्यांनी संडरलँडला न्यायचा आणि तिथे जहाजांवर चढवायचा, यात पैसा फार जायचा. म्हणून मार्क्विसांनी १८२१ मध्ये इथली जमीन घेतली, १८२८ मध्ये बंदराचा पाया घातला, आणि १८३१ पासून कोळसा इथूनच निघू लागला. गावाच्या हद्दीत खाणी आल्या त्या १८४० नंतर. आधी सीहॅम, मग विसाव्या शतकात डॉडन आणि वेन टेम्पेस्ट. माणसं समुद्राच्या तळाखाली लांबवर जाऊन कोळसा काढायची.

८ सप्टेंबर १८८० ला पहाटे सीहॅम खाणीत स्फोट झाला. १६० हून जास्त माणसं आणि पोरं गेली. सगळी लगेच नाही गेली. काही जण आत अडकून तासन् तास जिवंत होते. त्यांतल्या मायकल स्मिथने आपल्या पत्र्याच्या पाण्याच्या बाटलीवर बायकोसाठी, मार्गारेटसाठी, निरोप कोरला. सकाळी सातला आम्ही चाळीस जण होतो, काही जण भजनं म्हणत होते, पण माझं मन लहानग्या मायकलपाशी होतं, असा तो मजकूर. बाळ घरी आजारी होतं. ते त्याच दिवशी गेलं. पुढे आग विझवायला खाणीचा काही भाग आतल्या मृतदेहांसकट बंद केला, आणि शेवटची प्रेतं वर यायला साधारण वर्ष लागलं. बाबांना घरी यायला उशीर झाला की आई दारात उभी राहायची. ही गोष्ट वाचली तेव्हा मला तीच दिसली.

१९४७ मध्ये खाणी सरकारच्या झाल्या. १९८४-८५ च्या खाणकामगारांच्या वर्षभराच्या संपाबद्दल तुम्ही वाचलं असेलच, सीहॅमही त्यात होतं. ऑक्टोबर १९९२ मध्ये सरकारने बंद करायच्या खाणींची यादी जाहीर केली, तीत वेन टेम्पेस्ट होती. बायकांनी खाणीच्या फाटकाशी तळ ठोकला. उपयोग झाला नाही. डॉडन १९९१ मध्येच बंद झाली होती, वेन टेम्पेस्ट १९९३ मध्ये गेली. माझ्या मते दोष बंद करण्यापेक्षा बंद करण्याच्या पद्धतीत जास्त आहे. पिढ्यान् पिढ्या एकच काम केलेल्या गावाला दुसरा रोजगार आधी उभा करून द्यायला हवा होता.

किनारा तर काळाच पडला होता, कारण खाणीतला टाकाऊ दगड आणि चुरा वर्षानुवर्षं थेट समुद्रात ढकलला जायचा. १९९७ पासून पाचएक वर्षं, सुमारे एक कोटी पौंड खर्चून तो किनारा साफ केला. आता तिथे लोक काचा वेचायला येतात. १८५० च्या दशकापासून १९२१ पर्यंत इथे बाटल्यांचा मोठा कारखाना होता, त्याची रद्दी काचही समुद्रातच जायची. ती लाटांनी घासून गुळगुळीत होऊन परत येते. माझ्या मुलीच्या बरणीत अशा चाळीसेक आहेत. बहुतेक पांढऱ्या आणि हिरव्या. एकीत मात्र निळ्यात दुधी रंगाची रेघ आहे. ती काढून ओल्या तळव्यावर धरली की आतला बुडबुडासुद्धा दिसतो.

आणि खाण अजून पुरती संपलेली नाही. जुन्या बोगद्यांत पाणी भरत राहतं. ते वर चढून पिण्याच्या पाण्यात मिसळू नये म्हणून डॉडनला पंप बसवलेत. ते पाणी सुमारे २० अंश गरम असतं. त्या उष्णतेवर शेजारच्या नव्या वसाहतीतली १,५०० घरं गरम ठेवायची योजना आखली आहे.