बोअरचं पाणी कॉम्प्युटरला चालेल का?

प्रश्न : परभणीत आमचा लग्नाच्या व्हिडिओ एडिटिंगचा स्टुडिओ आहे, वर पत्रा आहे. मशीनमध्ये रायझन 9 7950एक्स प्रोसेसर आणि आरटीएक्स 4070 ग्राफिक्स कार्ड आहे. एप्रिल-मेमध्ये तारखांवर तारखा असतात आणि रेंडर (एडिट केलेला व्हिडिओ तयार करून घेणं) लावलं की पंखे इतके ओरडतात की क्लिपमधला आवाज ऐकू येत नाही. धाकट्या भावाला कस्टम वॉटर कूलिंग करायची फार हौस आहे. पाण्यानं मशीन गार राहील, असं तो म्हणतो. बोअरचं पाणी चालेल की आरओचं? पाइप कडक घ्यावेत की मऊ?
– एक वाचक, परभणी

उत्तर : ताई, बोअरचं तर नाहीच, आरओचंही नको. गिझरच्या कॉइलवर पांढरा थर बसतो तो तुम्ही पाहिलाच असेल. प्रोसेसरवर बसणाऱ्या ब्लॉकच्या आतल्या खाचा केसाएवढ्या बारीक असतात, तोच क्षार तिथं अडकतो. आरओच्या पाण्यातही थोडे क्षार उरतातच. तयार कूलंट (थंड ठेवणारं द्रव) घ्या, नाहीतर डिस्टिल्ड वॉटरमध्ये गंज आणि शेवाळ रोखणारं औषध घाला. नुसतं डिस्टिल्डही भरून ठेवू नका. नवा रेडिएटर, म्हणजे पाण्यातली उष्णता हवेत सोडणारी जाळी, आधी डिस्टिल्ड वॉटरनं खळखळून धुवा, आत डाग दिल्याची (सोल्डरिंगची) घाण असते. आम्ही लातूरची माणसं, 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी प्यायलोय, म्हणून सांगतो : यात सगळं मिळून लिटरभरच पाणी लागतं आणि ते आतच फिरत राहतं. वर्षातून एकदा बदललं की झालं.

आता भावाच्या म्हणण्याकडे येतो. पाणी प्रोसेसरवरची उष्णता उचलतं आणि रेडिएटरपाशी सोडतं. तिथून ती तुमच्याच खोलीत येते. खोली 42 अंशांवर असेल तर पाणी त्याच्याखाली जाणारच नाही, काम चालू असताना 50 च्या वर राहील. तुमचा प्रोसेसर पूर्ण जोरात 230 वॅटपर्यंत घेतो, कार्ड 200. म्हणजे हजार वॅटची इस्त्री जवळपास अर्ध्या ताकदीवर दिवसभर पत्र्याखाली तापत ठेवल्यासारखं आहे. म्हणून आधी पत्र्याला आतून छत करा, वरून पांढरा चुना मारा. कूलर खिडकीत बसवा आणि समोरच्या भिंतीत हवा बाहेर जायला वाट ठेवा. आपल्याकडच्या कोरड्या मे महिन्यात कूलर चांगला काम करतो, पण त्याचा झोत मशीनवर नको, तुषारांतला क्षार जाळीवर बसतो.

आणखी एक गोष्ट आजच करा, तिला पैसे लागत नाहीत. बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होताना उघडणाऱ्या सेटिंगमध्ये, प्रोसेसरला कमी वीज घ्यायला लावणारा 105 वॅटचा इको मोड लावा. रेंडर थोडंसं लांबेल, उष्णता मात्र बरीच उतरेल. आणि स्क्रीनवर 95 अंश दिसले तर घाबरू नका, या प्रोसेसरला कंपनीनं तिथपर्यंत जायची मुभाच दिलेली आहे.

एवढं करूनही हौस उरली तर जरूर करा, मला मनापासून आवडेल. मोठ्या रेडिएटरवर पंखे हळू फिरवता येतात, तुमची आवाजाची अडचण तिथंच सुटते. प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही थंड करायचे असतील तर 360 मिलिमीटरचे (तीन पंख्यांचे) दोन रेडिएटर धरा. पाणी आधी प्रोसेसरकडे न्यावं की आधी कार्डाकडे, यावर भावानं डोकं शिणवू नये. मिनिटाला चारेक लिटर पाणी फिरत असेल तर एका फेरीत ते दोन अंशांनीसुद्धा तापत नाही. टाकी मात्र पंपाच्या वर आणि लगेच आधी हवी. पंप कोरडा फिरला की मेलाच.

पाइप मऊच घ्या. मी पहिलं मशीन बांधलं तेव्हा चकचकीत दिसावं म्हणून पीईटीजी प्लास्टिकचे कडक पाइप वाकवले होते. पंपाची पिन मीच नीट दाबून बसवली नव्हती, ती मे महिन्यात एका दुपारी रेंडर चालू असताना सुटली. पाणी जागच्या जागी तापलं, ब्लॉकजवळचा पाइप मऊ पडला आणि फिटिंगमधून निसटला. कार्ड गेलं. एका जोडप्याचं हळदीचं शूटिंग त्या डिस्कवर होतं. ते वाचलं, पण ती रात्र मी विसरलेलो नाही. तेव्हापासून पंपाचे फेरे शून्यावर आले की मशीन आपोआप बंद होईल, अशी बायोसमध्ये सोय करूनच मी मशीन हातावेगळं करतो.

धातूंची गल्लत करू नका. ब्लॉक तांब्याचा असेल तर रेडिएटरही तांब्या-पितळेचाच घ्या. स्वस्त म्हणून ॲल्युमिनियमचा जोडला तर तो आतून खात जातो. प्रोसेसरच्या जुन्या तयार वॉटर कूलरचा रेडिएटर काढून लावायचा मोहही याचसाठी टाळा, तो बहुधा ॲल्युमिनियमचाच असतो.

पाणी भरल्यावर मदरबोर्ड आणि कार्डाला वीज देऊ नका. पॉवर सप्लायच्या 24 पिनच्या प्लगला जंपर (मदरबोर्डशिवाय सप्लाय सुरू करणारा छोटा जोड) लावून फक्त पंप चालवा, प्रत्येक जोडाखाली टिश्यू पेपर ठेवा आणि एक अख्खा दिवस-रात्र बघा. टिश्यू ओला झाला तर जोड पुन्हा बांधा आणि चोवीस तास पहिल्यापासून मोजा. हे काम लग्नसराईत काढू नका, तुळशीच्या लग्नाआधी उरकून घ्या.